कांद्याच्या टरफलांपासून चांदीचे नॅनोकण: कृती, फसगती आणि खातरजमा

कांद्याची वाळलेली टरफलं गरम पाण्यात ठेवा, अर्क गाळा, त्यात सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण मिसळा. थोड्या वेळात मिश्रण तपकिरी होतं आणि ‘चांदीचे नॅनोकण तयार झाले’ असं जाहीर होतं. बीएस्सी-एमएस्सीच्या प्रकल्पांमध्ये हा प्रयोग फार लोकप्रिय आहे, कारण कच्चा माल फुकट मिळतो आणि निकाल डोळ्यांना दिसतो. पण हाच तपकिरी रंग आणखी निदान तीन कारणांनी येऊ शकतो आणि त्या तिन्हींचा नॅनोकणांशी काही संबंध नसतो. त्यामुळे इथे कृतीइतकीच जागा खातरजमेला दिली आहे.

आधी कण म्हणजे काय ते पाहू. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. २० नॅनोमीटर व्यासाच्या चांदीच्या एका गोल कणात सुमारे अडीच लाख अणू असतात. एक ग्रॅम चांदीचा ठोकळा केला तर त्याची बाजू साडेचार मिलिमीटरच्या आसपास येते आणि सगळा पृष्ठभाग मिळून सव्वा चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच एका ग्रॅमचे २० नॅनोमीटरचे कण केले, तर पृष्ठभाग २८ चौरस मीटरच्या वर जातो, म्हणजे जवळपास ३०० चौरस फूट. चांदीचं सगळं रसायन पृष्ठभागावर चालतं. जंतूंना मारणारे चांदीचे आयनही तिथूनच सुटतात. म्हणून एवढा खटाटोप.

या आकाराची चांदी चकाकत नाही, पिवळी दिसते. कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका लयीत हेलकावतात आणि ४०० ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा-निळा प्रकाश गिळतात. उरतो तो पिवळा. कण मोठे झाले किंवा एकमेकांना चिकटले की हे शोषण लांब तरंगलांबीकडे सरकतं, पसरट होतं आणि रंग तपकिरी, मग करडा होत जातो. सोन्याच्या कणांचं शोषण ५२० नॅनोमीटरच्या पुढे असतं, म्हणून ते माणकासारखे लाल दिसतात.

या विषयात पुण्याचा वाटा मोठा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, मुरली शास्त्री यांच्या गटाने २००३-०४ च्या सुमारास जिरेनियम, कडुनिंब आणि गवती चहा यांच्या अर्कांतून चांदीचे आणि सोन्याचे कण केले. गवती चहातून निघालेले सोन्याचे त्रिकोणी पत्रे तर जगभर गाजले. २०१० मध्ये पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी केळीच्या सालीपासून चांदीचे कण केल्याचं प्रसिद्ध केलं. तिथून पुढे डाळिंबाची साल, बटाट्याची साल, मटारच्या शेंगा, लिंबाची साल अशी रांगच लागली.

टरफल नेमकं काय करतं?

सिल्व्हर नायट्रेट पाण्यात विरघळलं की चांदी आयनाच्या रूपात असते, तिच्याकडे एक इलेक्ट्रॉन कमी असतो. तो कुणी दिला की आयनाचा अणू होतो, अणू एकत्र येऊन बीज तयार होतं आणि बीजावर आणखी अणू बसून कण वाढतो. इलेक्ट्रॉन देण्याच्या क्रियेला क्षपण म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत हे काम सोडियम बोरोहायड्राइड किंवा हायड्रॅझीन करतं. हायड्रॅझीन विषारी आहे आणि बोरोहायड्राइड पाण्याशी आलं की ज्वलनशील हायड्रोजन सोडतं. कांद्याच्या टरफलात क्वेर्सेटिन नावाचं फ्लॅव्होनॉइड, म्हणजे पॉलिफेनॉल गटातलं वनस्पतिजन्य संयुग, भरपूर असतं. त्याच्या रेणूतले शेजारी-शेजारी असलेले दोन हायड्रॉक्सिल गट दोन इलेक्ट्रॉन देऊन क्विनोन होतात. म्हणजे एवढ्या भागातूनच चांदीचे दोन आयन अणूत बदलतात.

दुसरं काम आवरणाचं. नुसते चांदीचे कण पाण्यात सुटे राहत नाहीत, एकमेकांना चिकटून खाली बसतात. अर्कातली पॉलिफेनॉल्स, शर्करांच्या लांब साखळ्या आणि प्रथिनं कणाभोवती लपेटतात आणि कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात. हे आवरण जसं उपयोगी, तसंच पुढे मोजमापात सगळा घोळ घालणारंही तेच.

कोणता कचरा चालतो, कोणता नडतो

‘भाजीचा कचरा’ म्हणून सगळं एकत्र उकळलं तर पुढच्या वेळी तोच निकाल येण्याची आशा सोडून द्यावी. एका वेळी एकच साल घ्या. लाल किंवा गुलाबी कांद्याची बाहेरची कोरडी टरफलं सगळ्यात सोयीची. ती वाळलेलीच असतात, सडत नाहीत, आणि लासलगावसारख्या बाजारात कांद्याची वर्गवारी होते तिथे पोत्यांनी पडलेली असतात. पांढऱ्या कांद्याच्या टरफलात फ्लॅव्होनॉइड अगदी कमी, त्यामुळे तो बाद. कांद्याचा ओला, मांसल भाग आणि लसूण टाळा, कारण त्यांतल्या गंधकाच्या संयुगांची चांदीशी घट्ट गाठ पडते आणि काळं सिल्व्हर सल्फाइड होऊ शकतं. कोबी-फ्लॉवरचीही तीच तऱ्हा.

बटाट्याच्या सालीतला स्टार्च ६० अंशांच्या वर खळीसारखा फुगतो आणि फिल्टर पेपर तुंबतो. पालकाच्या देठात ऑक्झॅलेट असतं, ते चांदीबरोबर पांढरा साका देतं. वाळलेलं सिल्व्हर ऑक्झॅलेट तापवलं तर स्फोटक ठरतं, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नये. बीटचा रंग इतका गडद की मूळ बदल दिसतच नाही. लिंबू-संत्र्याची साल चालते, पण अर्क आंबट असल्याने क्रिया रेंगाळते. आणि मीठ लावलेली काकडी किंवा कारल्याची साल कधीही नको. कारण पुढे येईलच.

कृती

टरफलं निवडताना काळी बुरशी बघा. कांद्याच्या टरफलाच्या आतल्या अंगाला, शिरांच्या रेषेत काजळीसारखी भुकटी दिसते आणि बोटाने पुसली तर बोट काळं होतं. असं टरफल फेकून द्या. बाकीची आधी नळाच्या पाण्याने, मग दोनदा डिस्टिल्ड वॉटरने धुवून सावलीत वाळवा आणि हाताने चुरून सेंटिमीटरभर तुकडे करा. मिक्सरमध्ये पूड केली तर गाळताना बारीक कण खाली उतरतात आणि नंतर तेच नॅनोकण म्हणून मोजले जातात.

२ ग्रॅम टरफलं पुष्कळ झाली. ती इतकी हलकी असतात की तेवढ्यातच बीकर भरून जातो. ‘१० ग्रॅम साल, १०० मिली पाणी’ हे प्रमाण ओल्या सालीसाठी ठीक आहे, कोरड्या टरफलाला नाही. २ ग्रॅमवर १०० मिली डिस्टिल्ड वॉटर घालून ७० अंश सेल्सिअसला झाकण ठेवून २० मिनिटं ठेवा. खळाखळा उकळू नका. साखळी-शर्करा जास्त उतरतात आणि अर्क बुळबुळीत होतो. कोमट असताना मलमलच्या कापडातून, गार झाल्यावर व्हॉटमन नंबर १ फिल्टर पेपरमधून गाळा. अर्क तांबूस, नितळ दिसायला हवा. फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत वापरून टाका.

सिल्व्हर नायट्रेटचं एक मिलिमोलर द्रावण हवं, म्हणजे १०० मिलीला १७ मिलिग्रॅम. एवढं वजन बऱ्याच कॉलेजांतल्या तराजूवर नीट होत नाही. त्यापेक्षा १७० मिलिग्रॅम घेऊन १०० मिलीचं दहापट तीव्र द्रावण करा आणि त्यातलं १० मिली घेऊन १०० मिलीपर्यंत पातळ करा. बाटली तपकिरी काचेची हवी. हातमोजे आणि चष्मा घालाच. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात त्या शाईतही सिल्व्हर नायट्रेट असतं. डाग का जात नाही हे त्यावरून कळेल. डोळ्यात उडालं तर मात्र गंभीर इजा होते.

अर्काचा पीएच आम्लाकडे असतो आणि आम्लात क्रिया मंद चालते. तो ८ वर आणला की क्वेर्सेटिनचे हायड्रॉक्सिल गट प्रोटॉन सोडतात आणि इलेक्ट्रॉन द्यायला सोपे होतात. त्यासाठी ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे लिटरला ४ ग्रॅम, थेंबाथेंबाने अर्कात घाला. चांदीच्या द्रावणात थेट अल्कली टाकू नका. पीएच जास्त झाला तर खाली आणायला पातळ नायट्रिक आम्ल वापरा, हायड्रोक्लोरिक कदापि नाही. आणि पीएच मीटरचा इलेक्ट्रोड चांदीच्या मिश्रणात बुडवू नका. त्याच्या आतलं पोटॅशियम क्लोराइड झिरपतं, मिश्रण बिघडतं आणि इलेक्ट्रोडचं तोंडही बुजतं. थेंब काढून पीएच पेपरवर टाका, तेवढं पुरतं.

आता ९० मिली चांदीचं द्रावण ६० अंशांच्या पाण्याच्या टपात, ढवळत ठेवा. भांड्याला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. त्यात १० मिली अर्क पाच-दहा मिनिटांत थेंब थेंब सोडा. सगळं नीट चाललं असेल तर आधी लिंबाच्या रंगाचा पिवळा, मग मधासारखा गडद रंग चढतो आणि द्रावण आरपार दिसत राहतं. गढूळपणा आला की काहीतरी बिनसलंय. क्रियेत आम्ल सुटत असल्याने शेवटचा पीएच सुरुवातीपेक्षा कमी येतो, त्याने घाबरून जाऊ नये. अर्क दुप्पट-तिप्पट घातला की जास्त कण मिळतील असा मोह होतो. ठरावीक प्रमाणापलीकडे मात्र लांब साखळ्या दोन-दोन कणांना एकत्र बांधायला लागतात आणि गुठळ्या होतात.

रंग कुठे फसवतो

पहिला शत्रू क्लोराइड. चांदी आणि क्लोराइड भेटले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका पडतो आणि उजेडात तो हळूहळू जांभळट करडा होतो. ०.९ मिलिमोलर चांदीसाठी लिटरमागे ०.००७ मिलिग्रॅम क्लोराइडही साका पडायला पुरतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड स्वीकारार्ह आहे, आणि एक मिलिमोलर द्रावणातली सगळी चांदी संपवायला ३५ मिलिग्रॅम पुरे. म्हणजे नळाच्या पाण्यात केलेल्या प्रयोगात चांदीचे कण शोधण्यात अर्थ नाही. घरच्या आरओचं पाणीही चालत नाही. डिस्टिल्ड वॉटर म्हणून आणलेल्या कॅनची खात्री करायला परीक्षानळीत थोडं पाणी घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाका आणि काळ्या कागदासमोर धरा. दुधाळ धूर दिसला तर तो कॅन परत करा. काचेची भांडी पातळ नायट्रिक आम्लाने विसळून घ्या. सालीत स्वतःचं थोडं क्लोराइड असतंच, ते पूर्ण टळत नाही.

दुसरा शत्रू अल्कली. या तीव्रतेला पीएच साधारण ९.३ च्या पुढे गेला की सिल्व्हर ऑक्साइड तयार होतं, आणि ते तपकिरीच असतं! ‘पीएच ११ ला क्रिया झटपट झाली’ असं लिहिलेलं वाचलं की आधी ऑक्साइडचा संशय घ्यावा.

तिसरा स्वतः अर्क. पॉलिफेनॉल्स अल्कलीत हवेतल्या ऑक्सिजनने काळवंडतात, चांदी असो वा नसो. कापलेलं वांगं काळं पडतं तसाच हा प्रकार. शिवाय उजेडात सेंद्रिय पदार्थांच्या सान्निध्यात सिल्व्हर नायट्रेट आपोआपही काळं पडतं.

म्हणून मुख्य प्रयोगाशेजारी तीन बाटल्या ठेवाव्याच लागतात: एकीत पीएच ८ केलेलं पाणी आणि चांदी, पण अर्क नाही, दुसरीत अर्क आणि पाणी, पण चांदी नाही, तिसरीत दोन्ही, पण फॉइलशिवाय उजेडात. तापमान, वेळ, घनफळ सगळं सारखं. या तीन बाटल्या नसलेला प्रयोग मी तरी पूर्ण झालेला मानणार नाही. लेझरची रेघ मिश्रणात दिसते म्हणून कण आहेत, हा पुरावाही लंगडा आहे. नुसत्या अर्कातल्या पेक्टिन या साखळी-शर्करेमधूनही ती रेघ तितकीच झकास दिसते.

यंत्रं काय सांगतात

कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती गिळला जातो ते मोजणारा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर हा पहिला खरा साक्षीदार. मिश्रण दहापट पातळ करा, तुलनेसाठी तेवढाच पातळ केलेला अर्क ठेवा, पाणी नाही. ३०० ते ७०० नॅनोमीटर तपासा. ४१० ते ४४० च्या दरम्यान स्वच्छ शिखर आलं आणि ६०० च्या पुढे आलेख खाली टेकला, तर कण आहेत आणि सुटे आहेत. शिखर नसून डावीकडून उजवीकडे नुसता उतार असेल, तर ते अर्काचं काळवंडणं.

एक्सआरडीमध्ये, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासताना, चांदीच्या रेषा ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांना येतात. सोबत २७.८, ३२.२ आणि ४६.२ ला टोकदार रेषा दिसल्या तर ते सिल्व्हर क्लोराइड आहे. प्रसिद्ध झालेल्या कितीतरी आलेखांत या तीन रेषा ‘सालीतले सेंद्रिय स्फटिक’ म्हणून खपवलेल्या सापडतात. शेररच्या सूत्राने आकार काढताना रेषेची रुंदी रेडियनमध्ये घ्यायला विसरू नका. ३८.१ अंशांवरच्या ०.८ अंश रुंदीच्या रेषेतून सुमारे १०.५ नॅनोमीटर येतात, तेही यंत्राची स्वतःची रुंदी वजा न करता.

डीएलएसने, म्हणजे कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून, मोजलेला आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या आकारापेक्षा मोठा येतो, कारण त्यात आवरण आणि भोवतालचं पाणीही धरलं जातं. दोन आकडे जुळले नाहीत तर प्रयोग फसला असं नसतं. एफटीआयआरमध्ये, म्हणजे अवरक्त प्रकाशाच्या शोषणात, १६३० प्रति सेंटिमीटरच्या आसपास पट्टा दिसला की लगेच ‘प्रथिनांचं आवरण’ लिहिलं जातं. पाण्याचा पट्टाही तिथेच येतो. नमुना नीट वाळवला होता का, हे आधी विचारावं.

कण वेगळे करताना सेंट्रिफ्यूजचा आकडा आरपीएममध्ये लिहिणं निरर्थक आहे, कारण खरा जोर रोटरच्या त्रिज्येवर ठरतो. २० नॅनोमीटरचे कण चार सेंटिमीटर खाली यायला गुरुत्वाच्या १०,००० पट जोराला साधारण अर्धा तास लागतो. लहान सेंट्रिफ्यूजमध्ये, १० सेंटिमीटर त्रिज्या आणि ४००० आरपीएम असेल, तर अडीच तासांहून जास्त. जाड आवरण असेल तर आणखीन. दहा मिनिटांत तळाशी बसलेला गाळ बहुधा गुठळ्या किंवा क्लोराइड असतो, आणि खरे कण वरच्या पाण्याबरोबर बेसिनमध्ये जातात.

वाळवलेली पूडही तपासून घ्या. ९० मिली द्रावणात एकूण चांदी ९.७ मिलिग्रॅम. हातात ४० मिलिग्रॅम पूड आली असेल तर तिचा तीन-चतुर्थांश भाग चांदी नाही.

जंतुनाशक चाचणीतही अशीच गफलत होते. पेट्री डिशमधलं जंतू न वाढलेलं वर्तुळ कणांमुळे आलं की न बदललेल्या सिल्व्हर नायट्रेटमुळे, हे न धुतलेल्या नमुन्यात कळत नाही. सोबत तेवढ्याच चांदीचं सिल्व्हर नायट्रेट आणि नुसता अर्क लावायला हवा. कण आगरमध्ये, म्हणजे डिशमधल्या जेलीसारख्या माध्यमात, नीट पसरत नाहीत, त्यामुळे द्रव माध्यमातली किमान मारक मात्रा काढणं जास्त भरवशाचं.

चांदीला जमतं ते जस्त-लोखंडाला जमत नाही

चांदीचा आयन इलेक्ट्रॉन घ्यायला उतावीळ असतो. हा कल मोजणारं त्याचं क्षपण विभव अधिक ०.८० व्होल्ट, जस्ताचं उणे ०.७६, लोखंडाचं उणे ०.४४. टरफलातल्या पॉलिफेनॉलला जस्ताचं क्षपण करणं शक्य नाही. झिंक ऑक्साइडच्या प्रयोगात अर्क फक्त जस्ताला धरून ठेवतो, आणि मग ४००-५०० अंशांना भट्टीत भाजल्यावर सेंद्रिय भाग जळून ऑक्साइड उरतं. तिथे ‘क्षपण झालं’ हे वाक्य चूक. लोखंडाच्या द्रावणात अर्क टाकताच काळाभोर रंग येतो आणि ‘शून्य संयुजेचे’, म्हणजे शुद्ध धातूचे, ‘लोहकण’ जाहीर होतात. हिरडा आणि हिराकस मिसळून काळी शाई पूर्वीपासून केली जाते. हा बहुतेक वेळा तोच लोह-टॅनिनचा संयोग असतो.

मग हे किती हिरवं, म्हणजे पर्यावरणस्नेही?

टरफल वापरून वाचतं ते बोरोहायड्राइड आणि आवरणाचं रसायन. सिल्व्हर नायट्रेट मात्र खाणीतल्या चांदीपासून नायट्रिक आम्लानेच बनतं, आणि धुण्याचं पाणी, सेंट्रिफ्यूजची वीज, फ्रीझ ड्रायर हे सगळं तसंच राहतं. सोन्यासाठी सायट्रेटची सौम्य पद्धत १९५१ पासून आहे, तिला हिरवं म्हणायची गरज कुणाला वाटली नाही. मोठी अडचण सारखेपणाची आहे. एका हंगामाचा कांदा दुसऱ्यासारखा नसतो. म्हणून वाण, टरफलाचं कोरडं वजन आणि फोलिन-सिओकाल्टू पद्धतीने मोजलेलं एकूण फेनॉल एवढं तरी वहीत नोंदवलं, तर दुसऱ्या कुणाला तो प्रयोग पुन्हा करता येईल.

हे द्रावण पिण्यासाठी नाही, ‘कोलॉइडल सिल्व्हर’ म्हणून कुणी सांगितलं तरीही. चांदी शरीरात साठून त्वचा कायमची निळसर-करडी होऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने १९९९ मध्येच अशी थेट विकली जाणारी औषधं सुरक्षित वा परिणामकारक मानता येत नाहीत असं जाहीर केलं.

उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, चांदी पाण्यातल्या जिवांना घातक असते. लिटरमागे ग्रॅमभर मीठ घालून ढवळा आणि रात्रभर अंधारात ठेवा. न बदललेली चांदी क्लोराइड होऊन बसते, बरेचसे कणही मिठाने गोळा होऊन खाली येतात. साका गाळून ‘चांदीचा कचरा’ अशी चिठ्ठी लावलेल्या बाटलीत जमा करा. वरचं पाणी अजून पिवळं असेल तर तेही ओतून न देता वेगळ्या बाटलीत साठवा. या कचऱ्यात अमोनिया कधीही मिसळू नका. चांदीचं अमोनियायुक्त द्रावण साठवलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. अर्क काढून झालेली टरफलं मात्र चांदीला शिवलेली नसतात. ती खुशाल खतात टाका.